नवा बारकोड स्कॅनर: काय वाचायचं आणि काय सोडायचं हे कसं ठरवावं

नवा स्कॅनर यूएसबीला जोडला, बिस्किटाच्या पुड्यावर धरला, बीप वाजला आणि संगणकावर तेरा आकडे उमटले, की बहुतेक दुकानांत 'स्कॅनर बसला' असं धरून चालतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कारखान्यातून निघालेला स्कॅनर कुठल्या एका दुकानासाठी बनवलेला नसतो. तोच किराणा दुकानात जाणार, कुरिअरच्या गोदामात जाणार आणि ग्रंथालयातही. म्हणून बरेचसे कोडप्रकार त्यात आधीपासून चालू असतात आणि समोर जे येईल ते तो वाचतो. बिलिंगच्या काउंटरवर हेच नडतं. कोड वाचला गेला नाही तर कॅशियरला तिथल्या तिथे कळतं, तो आकडे हातानं टाकतो. चुकीचा वाचला गेला तर बीप तसाच वाजतो, ओळ बिलात जाते आणि स्टॉक मोजायला बसल्यावर फरक दिसतो. म्हणून नवीन माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो: आपल्या मालावर जे कोड येतात तेवढेच चालू ठेवा, बाकीचे बंद करा.

पुढचं सगळं किराणा, मेडिकल, स्टेशनरी अशा दुकानांना धरून लिहिलं आहे. स्कॅनर झेब्राचा असो, हनीवेलचा असो, डेटालॉजिकचा असो की बाजारातला स्वस्तातला, सेटिंगांची नावं थोडीफार बदलतात, रीत तीच राहते.

आधी मालाकडे बघा

मॅन्युअल उघडण्याआधी दुकानात एक फेरी मारा आणि वेगवेगळ्या प्रकारच्या कोडची एकेक वस्तू टेबलावर आणून ठेवा. नंतर चाचणीलाही याच वस्तू लागतील.

साबण, बिस्किटं, तेलाच्या पिशव्या यांवर ईएएन-१३ असतो. तेरा अंक, त्यातला पहिला रेघांच्या डावीकडे बाहेर छापलेला, आणि कडेच्या व मधल्या रेघा इतरांपेक्षा जरा खाली उतरलेल्या. आपल्याकडच्या बऱ्याच मालावर तो ८९० नं सुरू होतो. याचा अर्थ कंपनीनं क्रमांक जीएस१ इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतला आहे, एवढाच. माल भारतातच बनला असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि या कोडमध्ये किंमत नसते, फक्त क्रमांक असतो. किंमत तुमच्या सॉफ्टवेअरमधून येते. जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल एकाच कोडनं येतो तेव्हा स्कॅनरचं कुठलंही सेटिंग कामाला येत नाही, तिथे सॉफ्टवेअरनंच 'कुठली एमआरपी?' असं विचारायला हवं.

छोट्या पाकिटांवर आठ अंकी ईएएन-८ सापडेल. अमेरिकेतून आलेल्या चॉकलेटवर किंवा सौंदर्यप्रसाधनांवर बारा अंकी यूपीसी-ए. खोक्याच्या बाहेर, जाड काळ्या चौकटीत, मोठ्या रेघांचा चौदा अंकी कोड असतो तो आयटीएफ-१४. दुकानात प्रिंटरवर काढलेली लेबलं बहुधा कोड १२८ किंवा कोड ३९ ची असतात. तीन कोपऱ्यांत तीन चौकोन असलेला क्यूआर तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दोन कडांना सलग काळी रेघ आणि आत बारीक ठिपके असलेला लहान चौकोन दिसला तर तो डेटा मॅट्रिक्स.

याच वेळी हेही बघून घ्या की तुमचा स्कॅनर फक्त रेघा वाचणारा आहे की कॅमेऱ्यासारखं चित्र टिपणारा. लाल रेषा सोडणारा साधा लेझर स्कॅनर क्यूआर वाचूच शकत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावरचा कोडही त्याला सहसा जमत नाही. सेटिंग शोधत तासभर घालवण्याआधी खोक्यावर 'टू-डी' लिहिलं आहे का ते पाहा.

नोटपॅड उघडा, मूळ स्थितीला जा

पहिल्या चाचण्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये करू नका. नोटपॅडमध्ये करा. तिथे स्कॅनर जे पाठवतो ते जसंच्या तसं दिसतं. सॉफ्टवेअर स्वतःच काही अंक गाळत असेल किंवा जोडत असेल तर दोष कोणाचा हे समजत नाही. एक्सेल तर या कामाला मुळीच घेऊ नका. ते पुढची शून्यं खाऊन टाकतं, लांब आकडे ८.९ई+१२ अशा रूपात दाखवतं आणि पंधरा अंकांपलीकडचे अंक चक्क शून्य करून टाकतं. एक्सेलमध्ये यादी करायचीच असेल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या.

दुसरी तयारी कीबोर्डची. यूएसबीनं जोडलेला स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. तो अक्षर पाठवत नाही, कळ दाबल्याचा निरोप पाठवतो. वस्तूंची नावं मराठीत भरता यावीत म्हणून तुम्ही इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू ठेवला असेल आणि तशातच लेबल स्कॅन केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी काना-मात्रांचा काला उमटतो. लोक स्कॅनर परत करायला निघतात, पण त्यात स्कॅनरचा काही दोष नसतो. टास्कबारवरची भाषा इंग्रजी करून परत स्कॅन करा. सारखी भाषा बदलणं जमत नसेल तर बऱ्याच स्कॅनरमध्ये 'ऑल्ट' कळ आणि नंबर पॅड वापरून अक्षर पाठवण्याची सोय असते. विंडोजवर तिचा उपयोग होतो, फक्त वेग थोडा कमी पडतो. कॅप्स लॉकही तपासा. तो चालू राहिला तर लेबलावरची मोठी अक्षरं लहान होऊन येऊ शकतात.

आता मॅन्युअल. स्कॅनरला सेटिंग शिकवण्याची जुनी आणि अजूनही सर्रास वापरली जाणारी रीत म्हणजे मॅन्युअलमध्ये छापलेले खास बारकोड स्कॅन करणं. बऱ्याच स्वस्त स्कॅनरमध्ये आधी 'सेटअप सुरू' हा कोड, मग हवं ते सेटिंग, मग 'सेव्ह करून बाहेर' असा क्रम असतो. मोठ्या कंपन्यांच्या स्कॅनरमध्ये बरीचशी सेटिंगं एकाच कोडनं होतात. सुरुवात 'फॅक्टरी डिफॉल्ट' कोडनं करा, विशेषतः स्कॅनर आधी दुसरीकडे वापरलेला असेल तर. आधीच्या माणसानं काय काय बदलून ठेवलंय याचा शोध घेण्यापेक्षा पाटी कोरी केलेली बरी.

मॅन्युअलच्या एका पानावर सहा-आठ कोड जवळजवळ छापलेले असतात आणि 'चालू'च्या खालीच 'बंद' असतो. हवा तो कोड सोडून बाकीचे कोऱ्या कागदानं झाका आणि मगच ट्रिगर दाबा. सेटिंग बसलं की वाजणारा बीप नेहमीच्या बीपपेक्षा वेगळा असतो, चुकलं की त्याहून वेगळा. हे दोन आवाज पहिल्या पाच मिनिटांत कानाला ओळखीचे करून घ्या. मॅन्युअल पीडीएफ असेल तर पान पूर्ण आकारात छापा. 'पानात बसवा' हा पर्याय निवडलात तर रेघा आकसतात आणि कोड वाचायला कटकट होते.

चालू काय, बंद काय

किराणा दुकानासाठी माझी नेहमीची यादी अशी: ईएएन-१३, ईएएन-८, यूपीसी-ए आणि कोड १२८ चालू. खोक्यानं विक्री होत असेल तर आयटीएफ. बाकी कोडाबार, कोड ९३, कोड ११, एमएसआय वगैरे सगळं बंद. बऱ्याच स्कॅनरमध्ये 'सगळे प्रकार बंद' असा एकच कोड मिळतो. तो आधी वाचायचा आणि मग हवे ते एकेक चालू करत जायचं. हा मार्ग जास्त खात्रीचा, कारण मॅन्युअलमध्ये तुमच्या नजरेतून सुटलेला एखादा प्रकार चालू राहत नाही.

काळ्यावर पांढऱ्या रेघा असलेले उलटे कोड वाचण्याचं सेटिंगही असतं. तसा माल असेल तरच त्याला हात लावा.

ईएएन आणि यूपीसी: शेवटचा अंक, पुढचं शून्य

ईएएन-१३ चा तेरावा अंक आधीच्या बारांवरून काढलेला असतो. ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घ्या. पहिल्या बारांपैकी विषम जागांवरचे अंक ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. सम जागांवरचे ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला शून्य लागतं, म्हणून शेवटचा अंक ०. हा हिशेब स्कॅनर दर वेळी स्वतः करतो आणि जमला नाही तर बीप देत नाही. तुम्हाला फक्त एवढंच ठरवायचं असतं की हा अंक संगणकाकडे पाठवायचा की नाही. पाठवायचाच. तो गाळला तर वस्तूवर छापलेला आणि सॉफ्टवेअरमधला क्रमांक जुळत नाही आणि हातानं टाकताना घोळ होतो. वजनकाट्याच्या स्टिकरवर २ नं सुरू होणारा तेरा अंकी कोड असतो आणि त्यात वजन किंवा रक्कम भरलेली असते. तिथे एक अंक जरी गळला तरी सॉफ्टवेअर भलतीच जागा वाचेल.

यूपीसी-ए बारा अंकांचा असतो. त्याच्या पुढे एक शून्य लावलं की तो तेरा अंकी ईएएन होतो, दोन्ही एकच क्रमांक. पण एका काउंटरवर शून्यासकट आणि दुसऱ्यावर शून्याशिवाय आला तर सॉफ्टवेअरला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात आणि स्टॉक दोन नावांत फुटतो. 'यूपीसी-ए चं ईएएन-१३ मध्ये रूपांतर' हे सेटिंग सगळ्या काउंटरवर सारखंच ठेवा. मी ते चालू ठेवायला सांगतो. ईएएन-८ च्या पुढे पाच शून्यं लावणारं सेटिंग मात्र बंदच असू द्या.

पुस्तकं विकत असाल तर आणखी एक. ९७८ नं सुरू होणारा कोड म्हणजे आयएसबीएन. स्कॅनरमध्ये तो जुन्या दहा अंकी रूपात बदलण्याचं सेटिंग असतं. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकीच आहे आणि ९७९ नं सुरू होणाऱ्या क्रमांकांना दहा अंकी रूपच नाही. हे रूपांतराचं सेटिंग बंद करा. मासिकांच्या कोडशेजारी दोन अंकांचा आणि काही पुस्तकांच्या कोडशेजारी पाच अंकांचा छोटा जोडकोड असतो. त्यासाठी 'दुर्लक्ष करा', 'असला तर वाचा' आणि 'असला तरच वाचा' असे पर्याय मिळतात. साध्या दुकानात पहिला पर्याय पुरतो. तिसरा चुकून बसला तर जोडकोड नसलेला माल वाचणंच थांबतं.

खोक्यांचा कोड: लांबी बांधून टाका

एकच सेटिंग मन लावून करायचं असेल तर हे करा. आयटीएफमध्ये अंक जोडीजोडीनं गुंफलेले असतात, एक अंक रेघांमध्ये आणि दुसरा मधल्या रिकाम्या जागांमध्ये. म्हणून अंकांची संख्या नेहमी सम. सुरुवातीची खूण म्हणजे बारीक रेघ, बारीक जागा, बारीक रेघ, बारीक जागा. शेवटची खूण म्हणजे एक जाड रेघ, एक बारीक जागा, एक बारीक रेघ. या खुणा इतक्या साध्या आहेत की अंकांच्या मधल्या रेघांमध्येही असाच आकार तयार होऊ शकतो. आता स्कॅनरची रेषा कोडवर तिरकी पडली आणि शेवटपर्यंत न जाता वरच्या कडेतून बाहेर गेली असं समजा. बाहेर पांढरा पुठ्ठा आहे. स्कॅनरला वाटतं, शेवटची खूण आली, पुढे मोकळी जागा आहे, कोड संपला. चौदा अंकांच्या कोडमधून सहा किंवा आठ अंक बाहेर पडतात आणि बीपही वाजतो.

खोक्यावरच्या कोडभोवती जाड काळी पट्टी असते ती याचसाठी. तिरकी रेषा पट्टीत घुसते, शेवटची खूण जुळत नाही आणि स्कॅनर गप्प बसतो. पण पुठ्ठ्यावरची छपाई फिकट असते, कधी पट्टी अर्धीच उमटते, कधी नसतेच. म्हणून लांबी आपणच ठरवून द्यायची. मॅन्युअलमध्ये आयटीएफखाली 'एकच ठरावीक लांबी', 'दोन ठरावीक लांबी', 'इतके ते इतके' आणि 'कितीही' असे पर्याय असतात. 'एकच ठरावीक लांबी' निवडा, मग मागच्या पानांवरचे अंकांचे बारकोड वापरून १ आणि ४ वाचा. काही स्कॅनरना अंक नेहमी दोन लागतात, म्हणजे आठ सांगायचे तर ० आणि ८. यानंतर चौदापेक्षा कमी अंक पुढे जाणारच नाहीत. शिवाय आयटीएफसाठी शेवटचा अंक तपासण्याचं सेटिंग असतं, तेही चालू करा. मात्र फक्त त्याच्यावर विसंबू नका. अपुरा वाचलेला आकडा दहातल्या एका वेळी नशिबानं त्या हिशेबातही बसू शकतो.

इथेच एक गोष्ट सॉफ्टवेअरच्या बाजूची. वरचा ८९०१२३४५६७८९० खोक्यावर जातो तेव्हा पुढे खोक्याचा अंक लागतो आणि शेवटचा अंक नव्यानं काढला जातो: १८९०१२३४५६७८९७. सुट्या पुड्याचा आणि खोक्याचा क्रमांक वेगळा असतो. तेव्हा खोक्याची नोंद स्वतंत्र करावी लागते आणि त्यात किती नग हे लिहावं लागतं.

कोड ३९ आणि कोड १२८

घरची लेबलं नव्यानं सुरू करत असाल तर कोड १२८ घ्या. त्यात तपासणीचा भाग सक्तीचा असतो, जागा कमी लागते आणि चुकीचं वाचन क्वचित होतं. कोड ३९ जुना आणि सोपा आहे, पण त्यात तपासणी ऐच्छिक आहे. जुन्या लेबलांमुळे तो चालू ठेवावाच लागला तर त्यालाही लांबीची मर्यादा घाला. तपासणीचं सेटिंग मात्र लेबलं तशी छापलेली असतील तरच चालू करा, नाहीतर बहुतेक लेबलं वाचली जाणार नाहीत.

क्यूआर: मेडिकल दुकानात काळजीपूर्वक

आजकाल प्रत्येक काउंटरवर यूपीआयचा क्यूआर उभा असतो. स्कॅनर स्टँडवर आपोआप वाचण्याच्या स्थितीत असेल आणि तो क्यूआर त्याच्या टप्प्यात आला, तर 'यूपीआय' नं सुरू होणारी लांब ओळ थेट बिलात घुसते. पुरवठादाराच्या ई-इन्व्हॉइसवरच्या क्यूआरनं तर कितीतरी ओळी भरतात, कारण त्यात सही केलेली माहिती असते. किराणा दुकानात क्यूआरचं काही काम नसेल तर तो प्रकार सरळ बंद करा.

मेडिकलमध्ये असं करून चालत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते. तुमचं सॉफ्टवेअर ही माहिती उलगडून बॅच आणि मुदत स्वतः भरत असेल तर क्यूआर चालू ठेवण्यात फायदाच आहे. तसं नसेल तर त्याच खोक्यावरचा ईएएन वाचा आणि क्यूआर बंद ठेवा. दोन्ही कोड शेजारी असतील आणि दोन्ही प्रकार चालू ठेवायचे असतील, तर 'फक्त मधला कोड वाचा' असं सेटिंग शोधा. निशाण्याचा ठिपका ज्यावर असेल तोच कोड मग वाचला जातो. यूपीआयचा स्टँड काउंटरच्या दुसऱ्या टोकाला न्या.

काही कोडमध्ये बॅच कुठे संपते हे सांगणारं, पडद्यावर न दिसणारं चिन्ह असतं. कीबोर्डच्या मार्गानं पाठवताना ते वाटेत हरवू शकतं किंवा सॉफ्टवेअरला भलतीच आज्ञा वाटू शकते. बॅच आणि पुढचा मजकूर चिकटून आला तर हे कारण तपासा. त्या चिन्हाच्या जागी दुसरं दिसणारं अक्षर पाठवण्याची सोय बऱ्याच स्कॅनरमध्ये असते. लांब क्यूआरमधली अक्षरं मध्येच गळत असतील तर दोन अक्षरांमधला वेळ थोडा वाढवा. संथ संगणकावर याचा लगेच फरक पडतो.

तोच कोड पुन्हा, आणि शेवटी एंटर

स्टँडवरचा स्कॅनर समोर धरलेली वस्तू पुन्हा पुन्हा वाचू शकतो. एक नग घेतला आणि बिलात दोन लागले, ही गिऱ्हाइकाशी वाद होण्याची हमखास जागा. 'तोच कोड परत वाचण्याआधीचा वेळ' वाढवला की हे थांबतं. पण फार वाढवला तर सहा एकसारखे पुडे एकापाठोपाठ घेताना कॅशियर अडकतो. साधारण एका सेकंदापासून सुरुवात करा आणि काउंटरवरच्या माणसाला विचारून कमी-जास्त करा. हा आकडा त्याच्या हाताच्या वेगावर ठरतो, ऑफिसात बसून नाही.

कोडनंतर 'एंटर' जातो आहे ना तेही बघा. नोटपॅडमध्ये प्रत्येक कोड नव्या ओळीवर आला की ते ठीक आहे. काही सॉफ्टवेअरला एंटरऐवजी टॅब लागतो.

चाचणी आणि नोंद

टेबलावर आणलेली प्रत्येक वस्तू आता नोटपॅडमध्ये वाचा आणि पडद्यावरचा आकडा वेष्टनावरच्या आकड्याशी अंक न् अंक ताडून बघा. खोक्याचा कोड मुद्दाम तिरका धरून वाचा. मग जे वाचलं जायला नको तेही समोर धरा: क्यूआर बंद केला असेल तर यूपीआयचा स्टँड आणि ई-इन्व्हॉइस, शिवाय कुरिअरच्या पाकिटावरचं लेबल. कुरिअरचं लेबल कोड १२८ चं असेल तर ते वाचलं जाईल, कारण तो प्रकार आपण चालू ठेवला आहे. तुमच्या लेबलांची लांबी ठरलेली असेल तर कोड १२८ लाही तीच लांबी लावून टाका.

सगळं बसलं की कुठले प्रकार चालू, कुठली लांबी, कुठलं रूपांतर हे तारखेसह वहीत लिहा. झेब्राचं १२३स्कॅन, हनीवेलचं ईझेडकॉन्फिग, डेटालॉजिकचं अलादीन ही सॉफ्टवेअर संगणकावरून सेटिंग करू देतात. दोन-तीन काउंटर असतील तर प्रत्येक स्कॅनर मॅन्युअलवरून वेगळा लावत बसण्यापेक्षा तिथे एकदा सेटिंग तयार करून सगळ्यांवर तेच उतरवा. मॅन्युअल काउंटरवर पडू देऊ नका. 'फॅक्टरी डिफॉल्ट'चा कोड कुणाकडून चुकून वाचला गेला तर सगळी मेहनत एका बीपमध्ये पुसली जाते. ते मालकाच्या कपाटात ठेवा. नव्या मालावर वेगळा कोड आला तर तेवढाच प्रकार चालू करून वहीत एक ओळ वाढवा.